सर्वपित्रीची नववी गाडी

ईशा आणि नील, तुमच्या आईबाबांना माझ्या नोकरीबद्दल काही विचारू नका. त्यांना एवढंच आठवतं की आई गाड्यांच्या शोरूममध्ये होती आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिच्याशी बोलायची सोय नसायची. ईशा, तू परवा टोरांटोहून फोन केलास, "आजी, मी नवी गाडी बघायला गेले होते. सेल्समन म्हणाला मॅनेजरला विचारून येतो, आणि दहा मिनिटं आतच. तो आत जाऊन नक्की करतो काय?" तेव्हा मी इतकी हसले की तुला वाटलं लाइन बिघडली. अगं, बावीस वर्षं आत बसलेली ती मॅनेजर मीच होते.

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडे चकलीची पाककृती मागतात. चकली मला जमत नाही हे त्यांना सांगून थकले. यंदा चकलीऐवजी हे घ्या म्हटलं. अंक तुम्हाला मोबाइलवर येईलच.

इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. झालेली बाई गाड्यांच्या धंद्यात कशी आली, तर पत्रकांमुळे. गाड्या बनवणारी कंपनी दर महिन्याला डीलरला योजनेचं पत्रक पाठवते. कुठल्या मॉडेलवर किती सूट, जुनी गाडी दिली तर किती जास्त, सरकारी नोकरांना किती, सैन्यातल्यांना किती. सहा पानं बारीक इंग्रजी, आणि तळाला चांदण्यांच्या खुणा करून लिहिलेल्या अटी. शोरूममधले सगळे पहिलं पान वाचायचे आणि आकडा पाठ करायचे. मग कंपनीकडून पैसे मागायची वेळ आली की तळाची एखादी अट आडवी यायची. मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली एकच सवय उपयोगी पडली: वाक्य सुरू केलं की पूर्णविरामापर्यंत जायचं. पत्रव्यवहारासाठी म्हणून घेतलेली मी, तीन वर्षांत सूट मंजूर करणारी मॅडम झाले. माझ्या सहीशिवाय गाडीवर एक रुपया सुटत नसे.

माझी केबिन काचेची होती, आणि ती मुद्दाम काचेची होती. गिऱ्हाईक किमतीवर अडलं की सेल्समन म्हणायचा, "थांबा, मॅडमना विचारून येतो." आमचे सगळ्यात जुने सेल्समन म्हणजे गायकवाड. ते आत यायचे, जगमधलं पाणी ओतून घ्यायचे आणि विचारायचे, "मॅडम, दहावीला भूमिती सोडून चालतं का हो? मुलगी म्हणते चालतं." मी ठामपणे नकारार्थी मान हलवायची. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आत केवढी रणधुमाळी चाललीय. गायकवाड कपाळाचा घाम पुसत बाहेर जायचे. "मॅडम फार चिडल्या. पण तुमच्यासाठी तीन हजार सोडवले." हे तीन हजार सकाळी साडेनऊलाच ठरलेले असायचे. मुलीची भूमिती मात्र खरंच कच्ची होती.

आता धंद्याचं गुपित सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नव्या गाडीवरची सूट तीन खिशांतून येते. पहिला खिसा कंपनीचा. पत्रकात लिहिलेली सूट कंपनी देते, डीलर फक्त पुढे करतो आणि स्वतः दिल्याचा आव आणतो. दुसरा खिसा डीलरचा. त्याला गाडीमागे जे सुटतं त्यातून तो थोडं सोडतो, आणि विमा, सीट कव्हर, रबरी मॅट यांतून हळूच परत मिळवतो. तिसरा खिसा गिऱ्हाइकाला दिसत नाही. कंपनी डीलरला सांगते, तीन महिन्यांत दोनशे चाळीस गाड्या विका, मग आम्ही दर गाडीमागे तुम्हाला चार हजार देऊ. दोनशे एकोणचाळीस विकल्या तर? तर शून्य. एका गाडीसाठी सगळंच जातं.

म्हणून तिमाहीच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या एका गाडीची किंमत गाडीवर अवलंबून नसते. ती मॅडमच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. त्यासाठीच मी चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

धोका असा की हा तिसरा खिसा भरायच्या आधीच रिकामा करायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. पैसे मिळणारच, असं धरून ते आधीच सूट म्हणून वाटून टाकायचे. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी, जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत, मी तेच केलं. बाजार थंड होता, शेजारचं शोरूम सूट फेकत होतं. आमच्या मालकांना, म्हणजे दादांना, मी सांगितलं, "दोनशे चाळीस होतात. मी मोजलंय." दादा म्हणाले, "तुम्ही मोजलंय म्हणजे झालं." आणि तीन महिने मी सह्या करत राहिले.

मोजलं होतं ते असं. गणपतीनंतर पितृपक्ष, त्यात पुण्यात कुणी नवी गाडी घेत नाही. चहाचे कपसुद्धा नवे घेत नाहीत. पण मग घटस्थापना येते आणि त्या दिवशी लोक रांगेत उभे राहतात. माझ्या टेबलावर कंपनीने पाठवलेलं इंग्रजी कॅलेंडर होतं. त्यात बँकेच्या सुट्ट्या होत्या, तिथी नव्हत्या. मी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्सिलने पंधरा घरं मोजली. एकोणतीस सप्टेंबरला पितृपक्ष संपला. तीस तारखेवर मी लाल गोल काढला: घटस्थापना, नऊ गाड्या. नऊ झाल्या की दोनशे चाळीस.

तेवीस तारखेला गायकवाड माझ्या टेबलाशी आले आणि त्या लाल गोलाकडे बघत राहिले.

"मॅडम, हे काय आहे?"

"घटस्थापना."

"घटस्थापना एक तारखेला आहे."

"कसं शक्य आहे? चतुर्दशीनंतर पंधरा दिवस मोजले मी."

"आणि मधली पौर्णिमा?"

अनंत चतुर्दशी आणि पितृपक्ष यांच्या मध्ये एक पौर्णिमा असते. पाचवीतल्या मुलीला माहीत असतं. माझ्या आईला झोपेतही माहीत होतं. मी सहा पानी इंग्रजी पत्रक पूर्णविरामापर्यंत वाचणारी बाई, आणि पौर्णिमेवरून उडी मारून गेले. तीस तारखेला घटस्थापना नव्हती, सर्वपित्री अमावास्या होती. म्हणजे वर्षातला असा दिवस, की पुण्यातलं माणूस शोरूमच्या फुटपाथवरूनसुद्धा जाणार नाही. नऊ गाड्या एक ऑक्टोबरला जाणार होत्या, पुढच्या तिमाहीत. तिसऱ्या खिशातून दोनशे एकतीस गाड्यांवर वाटून टाकलेले पैसे येणारच नव्हते, आणि दोनशे एकतीस कागदांवर सही माझी होती.

दादांना सांगायला गेले नाही. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा. आधी काही करून बघू, असं ठरवलं.

उपाय एकच होता. कंपनी गाडी विकली केव्हा धरते, तर पूर्ण पैसे भरून बिल झालं, विमा निघाला, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत संगणकात नोंद झाली की. गाडी घरी कधी गेली याच्याशी तिला कर्तव्य नाही. तेव्हा नऊ जणांना फोन करून विनवायचं, की बिल अमावास्येचं घ्या, गाडी घटस्थापनेलाच न्या. गायकवाड म्हणाले, "मी करतो फोन." म्हटलं, नको. चूक माझी आहे, मीच करते.

पहिले एक डॉक्टर होते. "कागदाला कुठला आलाय पितृपक्ष? करा." दुसऱ्या बाईंनी गुरुजींना विचारून सांगते म्हटलं. गुरुजींनी स्वतः मला फोन केला आणि अर्धा तास चौकशी करून, बिल हा फक्त संकल्प असतो, प्राप्ती म्हणजे प्रत्यक्ष ताबा, असा निर्णय दिला. त्या गुरुजींना मी कंपनीच्या कायदा विभागात घेतलं असतं. मग आले सदाशिव पेठेतले जोशी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले.

"जोशीसाहेब, एक विनंती होती. बिल तीस तारखेचं केलं तर चालेल का?"

"अमावास्येचं?"

"हो. गाडी घटस्थापनेलाच मिळेल."

"मला त्यात काय मिळणार?"

"काही नाही."

"मग मी का करावं?"

"माझी अडचण आहे म्हणून."

मग म्हणाले, "हे आधी सांगायचं. उगाच प्रस्तावना कशाला? करा."

असे आठ जण तयार झाले. नववं हिंजवडीतलं तरुण जोडपं होतं. "आंटी, आम्ही एकदम ओके आहोत, पण मम्मी ओके नाहीयेत." मम्मींशी मी बोलले, आणि मम्मी खरोखरच ओके नव्हत्या. अमावास्येच्या तारखेचा कागद घरात येणार नाही, म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांचंही चुकलं नव्हतं. आदल्या वर्षी त्यांच्या घरात दुःख झालं होतं.

दोनशे एकोणचाळीस. म्हणजे शून्यच.

सर्वपित्रीला सकाळी शोरूममध्ये आम्हीच आम्ही. आठ गाड्या धुऊन, रिबिनी लावून उभ्या होत्या, त्यांची बिलं चालली होती. गायकवाडांच्या घरी पान होतं, ते साडेदहाला आले. म्हणाले, "कावळा आज लगेच आला, मॅडम. आमचे आजोबा आपल्या शोरूमच्या बाजूने दिसतायत." मी हसले नाही. नववी गाडी, पांढरी, अजून कुणाच्याच नावाची नसलेली, कोपऱ्यात रिबिनीशिवाय उभी होती. ती घेणारं माणूस सहाच्या आत या पुण्यात कुठून आणायचं?

साडेअकराला काच ढकलून एक बाई आत आल्या. माझ्याच वयाच्या, खादीची साडी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. गायकवाड पुढे झाले, खुर्ची दिली, सरबत आणलं, पांढरी गाडी दाखवली. बाई तिच्याभोवती दोनदा फिरल्या, दार उघडून मिटून पाहिलं, आणि किंमत विचारली. गायकवाडांनी सांगितली. बाईंनी मान हलवली. गायकवाड सवयीने म्हणाले, "थांबा, मॅडमना विचारून येतो."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन पाणी पिणार, बाहेर येऊन कपाळ पुसणार. त्यापेक्षा मीच जाते की आत."

आणि आल्या. वीस वर्षांत त्या काचेच्या आत आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

"मी वाघमारे," समोर बसून त्या म्हणाल्या. "सरकारी खरेदी विभागात होते. तीस वर्षं निविदा उघडल्या. आज तुमच्याकडे गिऱ्हाईक का नाही ते मला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध, आमच्याकडे पितृपक्ष नसतो. बँक उघडी असेल तो चांगला दिवस. मागची गाडीसुद्धा मी याच पंधरवड्यात घेतली. गर्दी नसते आणि विकणारे नम्र असतात. पण आज तुम्ही जरा जास्तच नम्र आहात."

"म्हणजे?"

"सुट्टीसारखा दिवस, तरी सगळा स्टाफ हजर. आठ गाड्या सजवून उभ्या आणि न्यायला कोणी नाही. आणि तुमच्या साहेबांनी मला सरबत दिलं. शोरूममध्ये सरबत घेणार का असं विचारतात, आणत नाहीत."

काचेबाहेर गायकवाड आमच्याकडे पाहत उभे होते. मी त्या दिवशी दोन गोष्टी करू शकत होते. नेहमीचा चेहरा करून म्हणायचं, तसं काही नाही, आमच्याकडे सगळ्यांचंच स्वागत होतं. त्यावर त्या उठून गेल्या असत्या तर माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं. किंवा खरं सांगायचं, आणि खरं सांगितल्यावर किंमत त्या ठरवणार.

"एक गाडी कमी पडतेय," मी म्हणाले. "सहाच्या आत हवी आहे."

"अडचण कंपनीची आहे की तुमची?"

"माझी. दिवस मोजताना चुकले."

"मग आपण बोलू," वाघमारे मॅडम म्हणाल्या, आणि पर्समधून चष्मा काढला.

"एकूण किंमत नको. एकेक बाब दाखवा."

आमच्याकडे तसा कागद असतो, पण तो टेबलाच्या आमच्या बाजूला असतो. मी तो उलटाच ठेवून बोटाने दाखवायला लागले. त्यांनी शांतपणे हात पुढे केला आणि कागद स्वतःकडे फिरवला.

"हे हँडलिंग चार्जेस साडेआठ हजार. कशाचे?"

"गोडाऊनमधून गाडी इथे आणायचे."

"गोडाऊन कुठे आहे?"

"खडकवासल्याच्या रस्त्याला."

"मग मी तिथूनच घेते. येताना कणसंही होतील." आणि त्या ओळीवर त्यांनी स्वतःच्या पेनने रेघ मारली. "विमा?"

"आमच्याकडून."

"बाहेरून काढला तर स्वस्त पडेल ना?"

"पडेल."

"मग त्याच दराने तुम्ही काढून द्या. मला हेलपाटा नको." दुसरी रेघ. "सरकारी नोकरांची सूट निवृत्तांना मिळते?"

"मिळते. सहाव्या पानावर तळाला आहे. कुणी विचारत नाही."

"मी विचारते." तिथे त्यांनी बरोबरची खूण केली. "आता या कागदावर जे लिहिलेलं नाही, त्याबद्दल बोलू."

मी पंचेचाळीस हजार म्हटलं. त्या सत्तर म्हणाल्या. मी पन्नासवर आले, त्या सत्तरवरच. मी पंचावन्न म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा सरबताचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या सहीची मर्यादा किती?"

"साठ."

"मग एकसष्ट करा. मर्यादेच्या आत मिळाली तर ती सूट कसली, तो दरच झाला."

"त्याला मालकांची परवानगी लागेल. मी विचारून येते."

"इथूनच विचारा ना," त्या म्हणाल्या.

म्हणून मी त्यांच्यासमोर दादांना फोन लावला. दादांच्या घरी श्राद्ध होतं. मागे मंत्र चालू होते, आणि दादांचा आवाज फोनमधून बाहेर सहज ऐकू येत होता. "मॅडम, गुरुजी खोळंबलेत. काय मागतात ते देऊन टाका!"

वाघमारे मॅडमनी चष्मा काढला. "सत्तरलाच धरून बसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पण एकदा बोललेला आकडा त्यांनी बदलला नाही. तीस वर्षं निविदा उघडलेल्या बाई, शब्द दिला की दिला.

पुढचं सगळं धावपळीचं. बँकेतून पैसे चारच्या आत यायला हवे होते आणि बँकांची सहामाही त्याच दिवशी संपत होती. गायकवाडांनी त्यांना आपल्या स्कूटरवर मागे बसवून बँकेत नेलं. पावणेचारला पैसे आले, साडेचारला बिल झालं, पाच वाजून दहा मिनिटांनी संगणकावर आकडा बदलला: दोनशे चाळीस. मी तो वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि खुर्चीत टेकून बसले.

गाडी देताना आमच्याकडे एक सोहळा असतो. नारळ, हार, चारही चाकांखाली लिंबं, आणि पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून फोटो. वाघमारे मॅडम म्हणाल्या, "नारळ नको. लिंबं सरबतात घाला, सकाळचं गोड होतं. फोटो मात्र काढा, मुलीला पाठवायचाय." फोटोत त्यांनी मलाही उभं केलं. मग गाडीत बसून दहा मिनिटं आरसे लावत राहिल्या आणि कुणाच्या मदतीशिवाय सातारा रस्त्याच्या गर्दीत शिरल्या. गायकवाड म्हणाले, "मॅडम, यांना आपल्याकडे नोकरीला घ्यायला हवं होतं." म्हटलं, "आपल्याला परवडल्या नसत्या."

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मोठ्या तोऱ्यात सांगितली असती. दादा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमचा अंदाज म्हणजे अंदाज. बरोबर दोनशे चाळीस!" मी पेढा घेतला.

पण त्याच सकाळी घटस्थापना होती आणि त्या आठ गाड्या जात होत्या. डॉक्टर आले, गुरुजीवाल्या बाई आल्या, जोशी सपत्नीक आले. जोशीबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, जोशींनी चारही टायर पायाने दाबून बघितले. सगळे मला आपुलकीने विचारत होते, "काय मॅडम, झालं ना तुमचं काम?" आणि मी हो हो म्हणत होते. या आठ जणांनी केवळ मी विनवलं म्हणून अमावास्येचा कागद घरात घेतला होता, त्यांच्या जोरावर आठ आकडे भरले होते. त्यांना जेमतेम पंचवीस हजार सुटले होते, वर हँडलिंगचे साडेआठ हजार त्यांनी मुकाट भरले होते. ज्यांनी मागितलं त्यांना मिळालं, ज्यांनी मदत केली त्यांना पेढा. आमच्या धंद्याचा नियमच आहे तो, मी वीस वर्षं त्यावर पगार घेतला होता. पण त्या सकाळी मला ते बघवेना.

मी दादांच्या खोलीत गेले आणि आधी पौर्णिमेची चूक सांगितली. ते हसले. "आकडा झाला ना? मग चूक कुठे राहिली?" मग मी म्हटलं, "त्या आठ जणांचे हँडलिंग चार्जेस परत करायचेत."

"त्यांनी मागितले?"

"नाही."

"मग?"

"मुळात घ्यायलाच नको होते, दादा. नियमात बसत नाहीत."

"हळू बोला," दादा म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. मग पेपरवेट फिरवत विचारलं, "आठच ना? दोनशे चाळीस नाहीत ना?"

"आठच."

"तुमच्या सहीने करा. माझ्याकडे कागद आणू नका."

आठच, असं मी म्हटलं खरं. उरलेल्यांचं काय, हे मीही विचारलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, नोकरीची दोन वर्षं राहिली होती. त्या उरलेल्यांतले काही जण अजून लक्ष्मी रस्त्यावर भेटतात, नमस्कार करतात, आणि मी उगाच भाजीच्या पिशवीत बघायला लागते.

आठ धनादेश टपालाने गेले. सात जणांचा फोनसुद्धा आला नाही. चौथ्या दिवशी जोशी स्वतः आले. गायकवाडांना ओलांडून सरळ माझ्या केबिनमध्ये. पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"तुमचे पैसे परत केलेत, जोशीसाहेब."

"ते दिसतंय. का केलेत? गाडीत काय खोट आहे?"

"गाडीत काही खोट नाही."

"शोरूम आपणहून पैसे परत करतं म्हणजे काहीतरी लपवताय. मी काल पूर्ण दिवस गाडी चालवली नाही. ही घरात बसून आहे. म्हणते ब्रेक बघून या."

त्यांना चहा मागवला, आणि तो खरोखर आणायला लावला. मग सगळं सांगितलं. लाल गोल, राहिलेली पौर्णिमा, तिसरा खिसा, सर्वपित्रीची गाडी. जोशी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते.

"त्या बाईंना किती सोडलेत?"

असा प्रश्न मला पूर्वी शेकडो लोकांनी विचारला होता. उत्तर मी कधीच दिलं नव्हतं.

"एकसष्ट."

"हजार?"

"हजार."

जोशींनी चहा संपवला. बशीत सांडलेलाही प्यायले. "एवढे सुटत असते तर मलाही गाडी अमावास्येलाच चालली असती," ते म्हणाले. "फक्त हे हिला सांगू नका." मग कप बाजूला सारून, "मला हे सगळं का सांगताय?"

"तुम्ही विचारलंत म्हणून. आणि तुम्ही माझ्यासाठी केलंत म्हणून."

"मग माझा कागद दाखवा."

मी कपाटातून त्यांच्या गाडीचा कागद काढला आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून एकेक ओळ वाचली. एका ओळीशी थांबले, धनादेश उचलून पुन्हा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"तुम्ही मला साडेआठ हजार परत केलेत."

"हो. सगळ्यांना तेवढेच."

"मी आठ हजार चारशे साठ भरले होते. चाळीस रुपये मी कमी करून घेतले होते, तुमच्या गायकवाडांशी पाऊण तास भांडून."

त्यांनी पाकिटातून दहाच्या चार नोटा काढल्या, सरळ केल्या आणि कागदावर ठेवल्या.

"पावती द्या," जोशी म्हणाले. "आणि तारीख नीट घाला."